तिसरा दाणा

माझ्या नोकरीचं नाव ऐकलं की आमच्या देऊळगाव राजात लोक जरा मागे सरकतात. ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ या नावातला पहिलाच शब्द त्यांच्या ओळखीचा, आणि तो बॉम्बवाला. माझी मावशी तर बाजारात भेटेल त्याला सांगायची, “आमची शालू बॉम्बच्या दवाखान्यात हाये.” मी पुष्कळ समजावलं, मग नाद सोडला. त्या बॉम्बच्या दवाखान्यातून, म्हणजे शहरातल्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयातून, मी आता निवृत्त झाले आहे आणि वडिलांनी बांधलेल्या घरात परत राहायला आले आहे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, तंत्रज्ञ. पेशंट मात्र शेवटपर्यंत सिस्टरच म्हणत राहिले, आणि आपल्या जिल्ह्यातले असले तर बाई.

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा वाटलं, गमतीजमती लिहाव्यात. तशा आहेतही. मलकापूरकडच्या एका आजोबांना तपासणीनंतर मी सांगितलं होतं, की तुमच्या अंगातून आज थोडे किरण निघतील, नातवंडांना मांडीवर घेऊ नका. पुढच्या खेपेला त्यांचा मुलगा सांगत होता, बाबा न्हाणीघराचं दार लावून अंधारात स्वतःचे हात बघत बसले होते, चमकतात का म्हणून. चमकेनात, तेव्हा चिडले. “एवढ्या दूर नेलं आन औषध नकली देलं!” असे पुष्कळ आजोबा आहेत. पण लिहायला बसले की त्यांच्या मागून दर वेळी वच्छलाबाई येऊन उभ्या राहतात. तेव्हा त्यांचंच सांगते.

आधी काम काय ते सांगायला हवं. कर्करोगाची गाठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लिंबाएवढी, हाताला लागणारी गाठ येते. आमच्याकडे यायच्या त्यांतल्या काही अगदीच वेगळ्या असत. जठराच्या पुढे आतड्याचं पहिलं वळण असतं, त्याच्या भिंतीत किंवा शेजारच्या स्वादुपिंडात रुतून बसलेल्या, तुरीच्या दाण्याएवढ्या, कधी मोहरीएवढ्या. एवढीशी गाठ, पण ती रक्तात असा रस सोडते की जठराला वाटतं, जेवण आलंय, आम्ल सोडायला हवं. जेवण आलेलं नसतं. आम्ल दिवसभर सुटत राहतं, आतडं भाजतं, व्रण पडतात, फुटतात. माणूस मरणाच्या दारात जातो आणि स्कॅनच्या फोटोत काहीच दिसत नाही. सर्जननं पोट उघडून बोटांनी चाचपलं तरी कित्येकदा हाताला काही लागत नाही.

अशा वेळी आमचं काम. शिशाच्या जाड डब्यात किरणोत्सारी द्रव्य तयार होतं, ते मी एका औषधाला जोडायची. हे औषध शरीरात फिरतं आणि त्या विशिष्ट गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतं. ऑपरेशनच्या आधी काही तास ते शिरेतून द्यायचं. त्याचा जोर तासातासाला उतरत जातो, म्हणून ऑपरेशन लांबलं की माझा जीव खालीवर व्हायचा. मग सर्जनच्या हातात एक जाड पेनासारखी दांडी द्यायची, निर्जंतुक पिशवीत घातलेली. तिची वायर माझ्या पुढ्यातल्या पेटीला जोडलेली. दांडीच्या टोकासमोर किरण आले की पेटी वाजते. कमी असले की टक... टक..., जास्त असले की टकटकटक, आणि गाठीवर नेमकं टोक आलं की सलग किंचाळी. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, ते कानांनी शोधायचं.

सोपं वाटतं, पण तसं नाही. ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि आतड्याचं ते वळण नेमकं उजव्या मूत्रपिंडाच्या अंगावर बसलेलं असतं. दांडी सरळ धरली की मागचं मूत्रपिंडच ओरडतं. यकृतही थोडं औषध धरून ठेवतं आणि सारखं कुरकुरतं. म्हणून आतडं अलगद सोडवून वर उचलायचं, दांडी आडवी धरायची, मूत्रपिंडाकडे तिची पाठ करायची, आणि मग ऐकायचं. किती तरी वर्षं मी हेच केलं. गोंगाटातून एक बारीक आवाज वेगळा काढायचा.

वच्छलाबाई डोणगावच्या. घरचा थोडा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं पिकवायचं आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायचं. पंचेचाळिशीच्या असतील तेव्हा, पण साठीच्या दिसायच्या. पोटात आग आणि जुलाब, वर्षानुवर्षं. बाजाराच्या दिवशी त्या सकाळपासून पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. खाल्लं की लगेच धावावं लागे आणि बाजारात बाईमाणसानं जायचं कुठे? एकदा व्रण फुटला म्हणून पोट उघडलं. एकदा रक्त थांबवायला उघडलं. एकदा ही गाठ शोधायलाच उघडलं. त्या डॉक्टरांनी खूप चाचपलं, काही सापडलं नाही, शिवून टाकलं. आमच्याकडे आल्या तेव्हा पोटावरून हात फिरवत मला म्हणाल्या, “माह्यं पोट म्हंजे पिशवीची चेन झालं बाई. येते तो उघडते.”

आमचे सर्जन जोगळेकर सर पुण्याचे. माणूस मनानं मऊ, हातानं त्याहून मऊ, पण आपल्याकडची बोली त्यांना कळायची नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, “भगभग होऊन राह्यली, काऊन ते समजत नाही,” तर सर माझ्याकडे वळले. “काय होऊन राहिलंय?” मी सांगितलं, जळजळ होतेय, का ते कळत नाही. तेव्हापासून या दोघांमधली दुभाषी मी झाले. तेव्हा त्यात मला मजा वाटली.

ऑपरेशनच्या दिवशी सर बराच वेळ नुसत्या बोटांनी शोधत होते. जुन्या ऑपरेशनांमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली. शेवटी त्यांनी मान हलवून हात पुढे केला आणि सिस्टरनं त्यात दांडी ठेवली. मी पेटीचा आवाज मोठा केला. मूत्रपिंड ओरडलं. सरांनी कोन बदलला. यकृताची कुरकुर ऐकू आली. मग त्यांनी आतडं उचलून धरलं, दांडी आडवी केली आणि हळूहळू सरकवत नेली. एका जागी टकटक दाट झाली. पुढे गेले, विरळ झाली. मागे आले, पुन्हा दाट. मी म्हटलं, “सर, इथेच.” त्यांनी बोट ठेवलं. “हाताला काही नाही लागत, शालिनी.” मी म्हटलं, “पण वाजतंय.” त्यांनी आतड्याची भिंत उघडली. आतल्या नाजूक पडद्याखाली तुरीच्या दाण्याएवढा एक पिवळसर दाणा होता.

तो काढून बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला आणि दांडी त्याच्यावर धरली. किंचाळी. थिएटरमध्ये सगळे हसले, भूलतज्ज्ञ मॅडमनी टाळी वाजवली. काढलेल्या जागी शांतता हवी, म्हणून सरांनी दांडी परत आत नेली. शांतता नव्हती. थोडं खाली, पुन्हा टकटक. दुसरा दाणा निघाला, पहिल्याहून लहान. आता तर सगळ्यांना अंगात आल्यासारखं झालं. “अजून बघा सर, अजून बघा!” मीच म्हणत होते. आणि स्वादुपिंडाच्या कडेला तिसरा सापडला, अगदी मोहरीएवढा. माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतका लहान दाणा ऐकला नव्हता. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

सर मात्र गप्प झाले होते. पोट शिवून झाल्यावर हात धुताना म्हणाले, “एक असता तर बरं झालं असतं. एक आपोआप होतो. तीन जागी असतील तर बहुतेक हा रोग घराण्यातून आलाय. शालिनी, बाई जरा सावरल्या की त्यांच्याशी बोलून घे. आई कशानं गेली, मुतखड्याचा त्रास कुणाकुणाला आहे, घराण्यातल्या या रोगात तोही होतो, मुलंबाळं किती. माझ्यापेक्षा तुला मोकळेपणानं सांगतील.”

वच्छलाबाई सावरल्या. पहिला प्रश्न त्यांचाच. “सापडलं का?”

“सापडलं. तीन होते.”

त्या हसल्या. टाके दुखले म्हणून पोट धरलं आणि तरी हसल्या. “तीन! आन गावात सारे म्हनत, वच्छला नाटकं करते, कामचुकार हाये. माह्या मालकालेही तसंच वाटे. आता सांगतो त्यायले, तीन होते म्हनून.”

मग मी स्टूल ओढून बसले आणि विचारत गेले. त्यांना वाटलं, आपल्याकडची बाई दोन घटका गप्पा मारायला बसली आहे. आई कशानं गेली? “रक्ताची उलटी झाली आन गेली. म्या लहान होती. लोकं म्हने, कोनीतरी करनी केली.” मुतखडा? “मले दोनदा झाला.” आणखी कुणाला? “सवीले बी झाला होता, लग्नाच्या आंधी. माही पोरगी. वडनेर भोलजीले देलीय. जावई चांगला हाये, पंपाच्या जळक्या मोटरी भरायचं दुकान हाये त्याचं. नात हाये एक, तनू.” बोलता बोलता त्यांनी उशीखालून पिशवी काढली आणि मला फोटो दाखवला. लेक, जावई, नात. मी फोटो पाहत होते आणि पुढचा प्रश्न मला विचारवत नव्हता. तरी विचारला. सविताला पोटाचा काही त्रास?

“पित्त होते तिले. मायसारखीच हाये ना.”

सविता तपासणीला आली ती हसतच. सत्ताविशीची, आईसारखीच बोलकी. “मले काही नाही ताई, आईच्या समाधानासाठी आली म्या,” असं म्हणाली. रक्तात दोष निघाला, आईचा होता तोच. तपासणीत एक ठिपका दिसला, स्वादुपिंडाजवळ. एकच. सर म्हणाले, लहान वयात सापडलंय, काढून टाकू. वच्छलाबाईंना तर शंकाच नव्हती. तोपर्यंत त्यांचे जुलाब थांबले होते, अंगावर थोडं मांस आलं होतं. पूर्ण सुटका नव्हती, गोळी कायमची होती आणि अधूनमधून तपासणी लागणार होती. पण बाजारात त्या जेवणाचा डबा उघडून बसायला लागल्या होत्या. “माहे तीन काहाडले, हिचा तर एकच हाये,” असं त्या जावयाला, संतोषला, समजावत होत्या.

सविताचं पोट उघडलं. ठिपक्याची जागा सहज सापडली, तिथे गाठ हाताला लागत होती. ती काढली. मग नेहमीप्रमाणे सरांनी दांडी रिकाम्या जागेवर धरली. पेटी वाजली. बाजूला नेली, वाजली. मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेनं वर नेली, वाजत राहिली. मग यकृतावर. यकृत कुरकुरतंच, ते मला पाठ होतं. पण त्या कुरकुरीतून एका जागी चढा आवाज आला. बोटभर पुढे आणखी एक. मग पलीकडच्या बाजूला. मला पहिल्यांदा वाटलं, पेटी बिघडली. मी दांडी हवेत धरायला लावली. पेटी गप्प बसली. पुन्हा यकृतावर ठेवली, पुन्हा तेच. फोटोत पकडता येणार नाहीत इतके बारीक दाणे होते, आणि ते सगळीकडे होते.

त्या दिवशी कुणी टाळी वाजवली नाही. थोड्या वेळानं सर मान वर न करता म्हणाले, “आवाज बंद कर, शालिनी.”

मी बटण फिरवलं. पडद्यावर आकडे दिसतच होते. सर दांडी ठेवायचे, मी हळू आवाजात आकडा सांगायची. काढण्यासारखं होतं तेवढं सरांनी काढलं. बाकीचं आत ठेवून पोट शिवलं.

मी पेटी ट्रॉलीवर घेऊन बाहेर आले. बाकावर वच्छलाबाई बसल्या होत्या. संतोष चहा आणायला गेला होता. मला पाहून त्या उठल्या. चेहरा हसरा.

“किती सापडले?”

मी म्हटलं, “सर येतायत. ते सांगतील.”

“तुमीच सांगा न बाई. मले त्यायची भाषा समजत नाही.”

मी ट्रॉली भिंतीला लावली आणि त्यांच्याजवळ बसले. जे पाहिलं ते आपल्या बोलीत सांगितलं. एक काढला. बाकीचे काढता येणार नाहीत. यकृतात गेलेत. इंजेक्शन मिळतं, त्यानं ते झोपून राहतात, काहींचे वर्षानुवर्षं झोपतात. त्या ऐकत होत्या. सर आले तेव्हा त्यांनी मान हलवून दाखवली, सगळं समजलं अशी. सर गेल्यावर विचारलं, “माह्या पोटातलं तिच्या पोटात कसं गेलं?”

मी समजावलं. रंग, उंची, डोळे जसे आईबापाकडून येतात तसा हा दोष रक्तातून येतो. यात कुणाची चूक नसते. तुम्हालाही तो आईकडूनच आला. हे सगळं मी नीट सांगितलं. त्यांनी त्यातलं एकच घेतलं.

“म्हंजे म्या देलं.”

सविता शुद्धीवर आल्यावर मी तिला भेटायला गेले. आईकडून तिनं पेटीच्या आवाजाची गोष्ट शंभरदा ऐकली होती. ओठ कोरडे पडलेले, तरी विचारलं, “ताई, वाजलं का?”

“वाजलं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. “लय ठिकानी वाजलं वाटते,” एवढंच म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. सर संध्याकाळी तिच्याशी सविस्तर बोलले, पण तिला ते आधीच कळलं होतं.

पुढची काही वर्षं सविताची महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनं चालली. संतोष तिला कधी एसटीनं, कधी कुणाच्या गाडीनं घेऊन यायचा. दुकान बंद ठेवून यायचा, न कुरकुरता. काही महिन्यांनी आमच्याकडे तपासणी असायची. मशीनखाली हलायचं नसतं, बोलायला हरकत नसते. त्यामुळे सविता बोलायची आणि मी ऐकायची. सासूबाई ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “रोगाची पोरगी आमच्या गळ्यात मारली.” एकदा हे वच्छलाबाईंच्या तोंडावरच म्हणाल्या. त्या दिवसापासून वच्छलाबाई वडनेरला गेल्या नव्हत्या.

“येतच नाही ताई. फोन बी माह्या नवऱ्यालेच करते, सवी कशी हाये म्हनते, आन ठिवून देते. मले बोलत नाही. म्या केला तर उचलत नाही.” मशीन फिरत होतं. “सासूचं मले काही वाटत नाही. ते म्हनतेच. पन माय काऊन रुसली माह्यावर?”

मी म्हटलं, “तुझ्यावर नाही रुसली ती.”

“मंग?”

मी पडद्याकडे वळले. मग तीच म्हणाली, “ताई, आईची बी तपासनी राह्यते न तुमच्याकडं? माही तारीख आन तिची तारीख एकच द्या. तिले सांगू नका.”

आमच्या विभागात एक खोली होती, भिंतींत शिसं घातलेली. औषध टोचल्यावर ते अंगभर पसरायला वेळ लागतो, तोवर पेशंटनं त्या खोलीत बसायचं. नातेवाइकांना आत जायची परवानगी नाही. त्यांनी विनाकारण किरण का घ्यायचे? नवरा बाहेर, मूल बाहेर, सगळे काचेपलीकडे. पण ज्यांना टोचलेलं आहे त्यांना एकमेकांजवळ बसायला मनाई नाही. त्यांना आणखी काय होणार?

तारीख एकच दिली. वच्छलाबाईंना आधी टोचून खोलीत बसवलं. मग सविताला आत सोडलं. खोलीत कॅमेरा असतो, कुणाला चक्कर आली तर कळावं म्हणून. त्यात मला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. लेक दारातून आत आली, तशा वच्छलाबाई उभ्या राहिल्या. दाराकडे बघितलं. बाहेर जाता येत नव्हतं, मी सांगितलंच होतं की बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. त्या परत बसल्या, तोंड भिंतीकडे करून. सविता समोरच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ दोघी तशाच. मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. परत येऊन पाहिलं तर सविता आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती आणि वच्छलाबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. मशीन मोकळं झालं होतं, वेळही झाली होती. मी दुसऱ्याच एका पेशंटला आधी घेतलं.

काय बोललीस गं, असं नंतर मी सविताला विचारलं. ती म्हणाली, “म्या म्हनलं, मले तू देलं, तुले तुह्या मायनं देलं, तिले तिच्या मायनं. कोनाकोनावर रुसशीन? आन तुह्याशी बोलाले मले आता दुसरा जलम नाही.”

त्यानंतर दोघी नेहमी एकत्र आल्या. शिदोरी आणायच्या, तपासणी झाली की बाहेरच्या कडुलिंबाखाली बसून खायच्या आणि माझ्यासाठी वांग्याची भाजी ठेवून जायच्या. वच्छलाबाई वडनेरलाही जायला लागल्या. सासूबाई ओसरीवर, या सरळ स्वयंपाकघरात.

मग एका तपासणीत यकृत पार बदललेलं दिसलं. झोपलेले दाणे जागे झाले होते. औषधं बदलली, शहरात ठेवून घेतलं, उपाय केले. थोडं थांबलं, परत वाढलं. सविताचं जेवण कमी झालं, मग पातळ तेवढंच उरलं, मग तेही पोटात ठरेना. या मधल्या काळात तिनं एक गोष्ट हट्टानं करून घेतली. तनूचं रक्त तपासायला पाठवलं. संतोष तयार नव्हता. म्हणत होता, कळून काय करायचं, आहे तेवढं पुरे झालं. सविता म्हणाली, “माह्या डोळ्यादेखत कळू द्या.”

निकाल आला तेव्हा ती वडनेरलाच होती, अंथरुणाला खिळलेली. मी संतोषला फोन केला. तनूच्या रक्तात तो दोष नव्हता. मग संतोष म्हणाला, “थांबा, तिच्या कानाजवळ धरतो.” मी पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द. तनूला नाहीये. तुझ्यापाशी संपलं ते.

“हाव?” ती म्हणाली. श्वास लागत होता. “मंग झालं.”

त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही. काही दिवसांनी संतोषचा फोन आला. मी तेव्हा विभागात उभी होते, कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी पेटी तयार करत. पेटी तपासायची असते, लहानसा किरणोत्सारी नमुना दांडीपुढे धरून. मी तो धरला आणि पेटी वाजायला लागली. मी ती बंद केली, थोडा वेळ बसले, मग पुन्हा चालू केली, कारण थिएटरमध्ये माणूस टेबलावर होता. त्या दिवशीचा दाणा सापडला. एकच होता.

निवृत्त होऊन इथे आल्यावर मी डोणगावला गेले. वच्छलाबाई मळ्यातच होत्या, भेंडी तोडत. मला पाहून टोपली खाली ठेवली. अंगानं भरल्या होत्या, रंग आला होता. रस्त्यात कुणी दाखवल्या असत्या तर मी ओळखल्याही नसत्या. आधी तनूचं सांगितलं. सुट्टीत येते, यंदा आठवीत गेली, बापानं दुसरं लग्न केलं नाही. मग म्हणाल्या, जेवल्याशिवाय जायचं नाही. चूल पेटवली, ज्वारीच्या भाकरी थापल्या, भरलं वांगं केलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. दोघी चुलीपुढेच बसलो. त्यांनी ठेच्यावर तेल ओतलं आणि मोठा घास घेतला.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “इतकं तिखट चालतं तुम्हाला आता?”

“सारं चालते.” त्यांनी घास गिळला. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. “सवीले शेवटी पेजेचा घोट बी ठरे नाही. म्या चमच्यानं देऊ, ते तसंच बाहीर ये. आन तिले नेलं न बाई, त्याच्या दुसऱ्या दिवशी मले भूक लागली. आंग मोडून भूक लागली. पह्यलं कधी तशी लागे नाही, दुखन्यात होती तवा. म्या उठली, डब्यात शिळी भाकर होती, ते खाल्ली. आन पचली मले.”

त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, डोळे पदरानं पुसले, धूर झाला म्हणाल्या. मग माझ्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली आणि तव्यावरची उलटायला वळल्या.